कळसूबाईची अट

कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती. रानात हिंडायची तिला भारी ओढ. हिंडत हिंडत ती एका डोंगराच्या पायथ्याशी आली आणि तिथल्या कोळी कुटुंबात कामाला राहिली. राहण्याआधीच तिनं सांगून ठेवलं होतं : पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरानं कबूल केलं. दिवस बरे चालले होते. मग एकदा घरी पाहुणे आले. कामाचा रेटा वाढला आणि घरातल्या कुणीतरी कळसूला भांडी घासायला सांगितलं. तिनं ती घासली, आणि तडक डोंगर चढून गेली. मरेपर्यंत ती वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. राहिली तो माथा कळसूबाई.

महाराष्ट्राच्या सर्वांत उंच, १६४६ मीटर उंचीच्या शिखराची ही कथा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापल्या गेलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्येही तिची नोंद आहे. पुष्कळ देवींच्या कथा राक्षस मारण्याच्या असतात. कळसूबाईच्या कथेत राक्षस नाही, लढाई नाही. आधी ठरलेली एक अट आहे, दाराशी आलेले पाहुणे आहेत आणि त्यांच्या खरकट्या थाळ्या आहेत. आज या डोंगराच्या आणि आसपासच्या डोंगरांच्या पायथ्याशी बारी, जहागीरदारवाडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई अशा गावांत घराघरांवर ‘जेवणाची व राहण्याची सोय होईल’ असे फलक दिसतात. ते वाचताना ही कथा आठवली, तर या धंद्याचा इतिहास कुठून सुरू करायचा हे कळतं. तो पाहुण्यापासून सुरू होत नाही. चुलीपासून होतो.

अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्याला डांगाण म्हणतात. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. एरवी दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचं हे टोक मात्र पावसात चार महिने बुडालेलं असतं. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही इथली पिकं. मुसळधार पावसात चिखल तुडवणारी डांगी गाय-बैलांची जात इथलीच. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं.

हा कडा म्हणजे भिंत नव्हती. तो एक लांबलचक उंबरठा होता. दक्षिणेला जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळी कोरलेला लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही पाहायला मिळतो. पण असे मोठे घाट थोडे. बाकी साऱ्या कड्यावर पायवाटा, नाळा आणि खिंडी. त्यांवरून डोक्यावर धान्य घेऊन माणसं खाली उतरत आणि मीठ, सुकट घेऊन वर येत. अंधार पडला की घाटमाथ्याच्या पहिल्या गावात मुक्काम. मारुतीचं देऊळ, पाटलाची ओसरी, नाहीतर एखाद्या घराची पडवी. माणसाला पाठ टेकायला जागा द्यायची ही रीत होती, आणि तिचे पैसे मागायचे नसत.

या रीतीचं आज फार कौतुक होतं आणि ते बरंचसं रास्तही आहे. तिची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या काळातला प्रवासी कुणाच्याही हातचं खात नसे. कुणी कुठं बसायचं, कुणाच्या विहिरीचं पाणी प्यायचं, कुणाच्या चुलीवरचं चालतं, हे जातीनं ठरवून दिलेलं होतं. वरच्या जातीचा माणूस डांगाणातून जाताना कोरडा शिधा बांधून नेई, तीन दगड मांडून आपलं आपण शिजवी. गाव लाकूडफाटा देई, भांडं देई, वाट दाखवी. भाकरी देऊ शकत नसे, कारण ती घेतली गेली नसती. मुंबई-पुण्याहून आलेली माणसं आज महादेव कोळ्याच्या घरात मांडी घालून नागलीची भाकरी मागून घेतात, तेव्हा ती जुनी परंपरा पुढं चालवत नसतात. उलट, त्या परंपरेतली एक मोठी भेग बुजवत असतात. हा बदल शंभर वर्षांचाही नाही.

आणखी एका पाहुण्याला तर नाही म्हणायची सोयच नव्हती. तो म्हणजे सरकार.

पेशवाईत डोंगरी किल्ल्यांभोवतीच्या गावांकडं राखणीचं काम असे. महादेव कोळ्यांचे नाईक गड आणि घाट सांभाळत, त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रजांनी गडांच्या शिबंद्या मोडल्या, नाईकांच्या हक्कांना कात्री लावली. त्यात सावकारीचा विळखा. देवगावच्या राघोजी भांगरे यांचं बंड यातूनच उभं राहिलं, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. जे गड राखत होते त्यांच्याच गावांत नवे साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन फिरतीवर येऊ लागले. साहेबाची छावणी पडली की गावानं गवत, सरपण, दूध, कोंबड्या पुरवायच्या आणि सामान पुढच्या मुक्कामाला पोचवायचं. या कामाला मराठीत जुना शब्द आहे : वेठ.

वेठीचा सर्वांत मोठा भार महाराष्ट्रातल्या गावोगावच्या महार वतनदारांवर पडे. अंमलदाराचं ओझं वाहणं, त्याच्या मुक्कामाला लाकूडफाटा आणणं, रात्री पहारा देणं, ही सगळी कामं वतनाच्या नावाखाली चालत. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं, ते हे जोखड सैल व्हावं म्हणून. ही कनिष्ठ वतनं प्रत्यक्ष रद्द व्हायला १९५८ उजाडलं. तिकडे कड्याखाली, ठाणे जिल्ह्यात, जमीनदारांच्या वेठीविरुद्ध वारली आदिवासी १९४५ मध्ये उठले होते.

हा इतिहास ठाऊक असला की ‘पूर्वी गावं कशी फुकट जेवू घालायची आणि आता कशी पैसे मागतात’ ही तक्रार टिकत नाही. खेड्यानं फुकट पुष्कळ दिलं. पण त्यातलं प्रेमानं किती दिलं आणि धाकानं किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. डोंगरातल्या एका बाईनं ताटाचा दर सांगावा आणि समोरच्यानं तो मान्य करावा, ही या मुलखाच्या इतिहासातली नवी आणि चांगली गोष्ट आहे.

वेठीच्या काळातच डांगाणात राहण्याची पहिली ‘सोय’ झाली, पण ती गावाच्या हाती नव्हती. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत. वरच्या खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली आणि खालच्या सपाटीवर कालव्यांच्या जोरावर ऊस उभा राहिला. पाटबंधारे खात्याचा बंगला झाला, साहेब लोक हवा खायला येऊ लागले. पुढं राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आलं, खासगी हॉटेलं आली. जलाशयाकाठच्या आदिवासीला त्यात मिळालं ते नोकर म्हणून काम. पाणी त्याच्या जमिनीवर, खोली दुसऱ्याची, आणि थाळ्या घासायला तो.

घरातल्या पाहुणचाराची वाट वेगळी. ती एसटीनं आली.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली. डांगाणातल्या आडगावांना बस पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. पण पोचली तेव्हा तिच्याबरोबर ‘मुक्कामी गाडी’ नावाची एक चीज आली. संध्याकाळी शेवटच्या गावात जायचं, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे निघायचं. गाडी देवळापुढं उभी राही. चालक-वाहकाला रात्री भाकरीतुकडा कुणाच्या तरी घरून मिळे. बाहेरचा माणूस ठरावीक वेळी येतो, ठरावीक दिवशी येतो, जेवतो आणि जातो, याची सवय पुष्कळ गावांना या मुक्कामी गाडीनं लावली.

त्याच गाडीतून पाठीवर पिशव्या घेतलेली पोरंही उतरू लागली. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरीविहार’ ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गभ्रमणावरच्या लेखनानं मराठी तरुणांना गडांचं वेड लावलं. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली आणि त्या वेडाला उधाण आलं. हरीश कपाडिया, आनंद पाळंदे, प्र. के. घाणेकर यांच्या पुस्तकांनी वाटा छापून हातात दिल्या. मुंबईहून शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडायची, तिथून मिळेल त्या वाहनानं घोटी, मग बारी. कुणी रतनगडाला, कुणी हरिश्चंद्रगडाला, कुणी अलंग-मदन-कुलंगला.

ही पोरंही सुरुवातीला शिधाच घेऊन यायची. पण तीन दगडांच्या चुलीवर नाही, तर गावातल्या एखाद्या मावशीच्या हाती तो ठेवायची. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे. मावशी त्यात आपली भाकरी आणि मिरचीचा ठेचा घालायची. निघताना काय द्यायचं हा मोठा पेच. पैसे पुढं केले की मावशी हात मागं घ्यायची, म्हणून घरातल्या पोराच्या हातावर नोट ठेवली जायची, ‘खाऊला’ म्हणून. पुढच्या खेपेला पोरं जुने कपडे, वह्या-पुस्तकं, औषधं आणायची. काहींनी शाळांना मदत उभी केली. नाती जुळली आणि पुष्कळ ठिकाणी ती आजही टिकून आहेत. पण या सगळ्यात भाकरीला किंमत नव्हती. दिलं ते देणाऱ्याच्या मर्जीनं. बाईनं चाळीस भाकऱ्या थापल्या काय आणि चार थापल्या काय, ‘खाऊ’ तेवढाच राहू शकत होता.

मग कधीतरी कुणीतरी दर सांगितला. त्या दिवसाची तारीख कुठंही लिहिलेली नाही, आणि प्रत्येक गावात तो दिवस वेगळा असणार. पण ज्या बाईनं पहिल्यांदा ‘एका ताटाचे एवढे’ असं तोंडानं म्हटलं, तिला ते किती जड गेलं असेल याचा विचार करावा. पिढ्यान्‌पिढ्या जे काम ‘घरचं’ म्हणून मोजलंच गेलं नव्हतं, ते तिनं मोजायला घेतलं.

दर सांगायची गरज का पडली, हे समजायला डांगाणाचं वर्ष पाहावं लागतं. पाऊस अफाट, पण जमीन उताराची. पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये याच गावांत हंड्यासाठी पायपीट होते. भात निघाला की शेतात काम उरत नाही. मग बाळहिरडा गोळा करून विकायचा, नाहीतर घराला कडी लावून नारायणगाव, ओतूर, नाशिककडं टोमॅटो-द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीला जायचं. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं आणि रानावरचे निर्बंध वाढले. गावात राहूनच चार पैसे मिळतील असं काही हवं होतं.

याच तालुक्यातल्या पुरुषवाडीचं उदाहरण म्हणून मोलाचं आहे. हे गाव गडाच्या वाटेवर नाही, प्रसिद्ध धबधब्याजवळ नाही. तिथं आधी ‘वॉटर’ या संस्थेबरोबर पाणलोटाचं काम झालं होतं. बांध घालायचे तर सगळ्या गावाला एकत्र बसावं लागतं, आणि बसायची सवय लागली की इतरही गोष्टी ठरवता येतात. २००६ च्या सुमारास ‘ग्रासरूट्स’ या उपक्रमानं तिथं पाहुणे आणायला सुरुवात केली. डोंगर दाखवायचा, शेती दाखवायची, घरात जेवायचं, घरात किंवा तंबूत झोपायचं. वरवर पाहता यात नवं काही नाही. नवं होतं ते पाळी ठरवणं. आज आलेला पाहुणा या घरात जेवेल, उद्याचा त्या घरात. वाट दाखवणाऱ्याचीही पाळी. गावाची समिती, दर आधी ठरलेला आणि गावाच्या निधीसाठी वाटा बाजूला काढलेला. सगळं पाटलाच्या किंवा रस्त्याकाठच्या घराच्या पदरात पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. पाण्याच्या पाटाला पाळी असते, तशी पाहुण्याला पाळी.

राज्यातही त्या सुमारास वारं फिरत होतं. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची घडी बसवली. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत घरमालकांना नोंदणी करता येऊ लागली, आणि कोकण किनाऱ्यावर ती चांगली रुजली. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली. या दोन गोष्टींचा सरकारी दप्तरात संबंध नसेल, ताटात मात्र आहे. काळभात, रानातली चाई आणि कुर्डू, खुरासणीच्या तेलाची फोडणी, हुलग्याचं कालवण. ‘गरिबाचं खाणं’ म्हणून जे पाहुण्यापुढं ठेवायला घरं लाजत होती, तेच आता मागून घेतलं जातं.

डांगाणातला हा धंदा घरांच्याच हातात का राहिला, याचं एक कारण कायद्यात आहे. १९७४ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही. लोणावळा, मुळशीच्या बाजूला डोंगरउतार तुकड्यातुकड्यांनी विकले गेले, बंगले झाले, आणि मूळ मालक त्याच बंगल्यांवर राखणदार झाले. इथं ते त्या प्रमाणात झालं नाही. पळवाटा निघतात, करार होतात, तरी घर आणि खाचर अजून मूळ माणसाच्या नावावर आहे. गावाला बोलायला जागा आहे ती त्यामुळंच.

ती जागा किती उरेल, याची परीक्षा दर वर्षी मेअखेरीस होते. पहिल्या पावसाच्या आगेमागे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लगडतात. नर चमकून मादीला बोलावतात. सारं झाड एका लयीत उजळतं, मालवतं, पुन्हा उजळतं. काजव्याची अळी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात वाढते. बघायला येणाऱ्या मोटारींचे दिवे त्या खुणांचा बोलावा पुसतात, आणि झाडाखाली फिरणारे पाय मातीत उद्या जन्मायचं ते तुडवतात. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर या दिवसांत वाहनांच्या रांगा लागतात, वन विभागाला वेळेची बंधनं घालावी लागतात. ज्या रात्रींवर कमाई अवलंबून, त्याच रात्री झिजत चालल्या आहेत. जिथं समिती जागी आहे तिथं दिवे बंद होतात, विजेऱ्या खाली वळतात. जिथं नाही तिथं गाणी वाजतात.

आणि हे दिवस पाणीटंचाईचेही असतात. शहरातल्या माणसाला आंघोळीला एक बादली लागते. ती बादली ज्या विहिरीतून आली तिथं तळ दिसत असतो, आणि ती शेंदून आणणारी घरातली बाईच असते. दरात भाकरी धरलेली असते, भाजी धरलेली असते. पाणी वाहण्याची खेप फार कमी ठिकाणी धरली जाते.

जुलै लागला की दुसरी गर्दी सुरू होते, धबधब्यांची. नेमकी तेव्हाच आवणी. मे महिन्यात भाजलेल्या राबात रोपं वितभर झालेली असतात, ती उपटून चिखलात लावायची, आणि हे काम थांबवता येत नाही. रोप जून झालं तर पीक गेलं. सोमवार ते शुक्रवार डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन कंबर मोडेपर्यंत वाकायचं, आणि शनिवारी दुपारी खाचरातून वर येऊन हातपाय धुवून पीठ मळायला बसायचं. काही घरांनी यावर तोड काढली आहे. आवणीचे दोन-तीन आठवडे फोन आला की सांगून टाकतात : आत्ता नाही, भात लावून होऊ द्या, मग या.